तीन महिन्यांची सरासरी

वीणाताईंचा तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा मानस स्टूल घेऊन स्वयंपाकघरात शिरला. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली आले. साखर, मैदा, साबुदाणा, पांढरा बासमती, बिस्किटांचे पुडे, चहात बुडवायचे टोस्ट. सगळं दोन मोठ्या पिशव्यांत भरून तो लिफ्टने खाली गेला आणि सोसायटीच्या गेटवरच्या गार्डला देऊन आला. गार्डने दोनदा विचारलं, "पक्का, सर?" दिवाळी तोंडावर आली होती, दिल्लीतल्या अख्ख्या द्वारकेत लोक मिठाईचे खोके वाटत होते आणि हा माणूस साखर वाटत होता. त्या बिचाऱ्याने तरी काय समजायचं?

मानसचे वडील राजाभाऊ हॉलमधल्या खुर्चीवरून हे सगळं बघत होते. अडवणार तरी कुठल्या तोंडाने?

वीणाताई गेल्या त्या मधुमेहाने. आधी पायाच्या अंगठ्याला साधी जखम झाली, ती चिघळली, अंगठा काढावा लागला, आणि मग किडन्यांनी मान टाकली. बावन्नाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद सांगितलं होतं. त्यानंतरची सतरा-अठरा वर्षं त्यांना बर्फीचा तुकडा कोण देत होतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. राजाभाऊ देत होते. मानस त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. हॉस्पिटलात नाही, स्मशानात नाही, तेराव्याच्या जेवणावळीतही नाही. राजाभाऊ वाट बघत होते. आज बोलेल, उद्या बोलेल. मुलगा काही बोलेना, पण त्याने डबे काढायला घेतले तेव्हा राजाभाऊंना वाटलं, हेच ते बोलणं.

"बाबा, आजपासून आपल्या घरात होल फूड," मानस हात धूत म्हणाला. "म्हणजे धान्य जसं शेतात होतं तसं. कोंड्यासकट, सालासकट. कारखान्यात गेलेलं काहीही नाही. बिल्कुल नाही."

"बरं," राजाभाऊ म्हणाले.

ते 'बरं' म्हणणं राजाभाऊंना किती जड गेलं, हे मानसला कळायला मार्ग नव्हता. एकाहत्तर-बहात्तरच्या दुष्काळात राजाभाऊ सांगोल्याकडच्या एका गावात मॅट्रिक होऊन बसले होते, आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, यायचा. त्याची भाकरी थापली की चिरायची, आणि खाल्ली की घशाला खरखर लागायची. तिथेच एकदा सुकडीच्या रांगेत त्यांचा नंबर आला आणि वाटणाऱ्याने रिकामं पातेलं तिरकं करून दाखवलं. तेव्हापासून राजाभाऊंनी दोन गोष्टी मनाशी धरल्या. एक म्हणजे आपल्या घरात जाडंभरडं शिजणार नाही. पांढरा तांदूळ, पांढरी पोळी, पांढरी साखर शिजेल. आणि दुसरी, कुणी खायला मागितलं तर आपण नाही म्हणायचं नाही.

पुढे ते केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, क्लार्कचे सेक्शन ऑफिसर झाले. लग्न झालं तेव्हा करोल बागेत एका खोलीत बिऱ्हाड होतं. पहिल्या पगाराच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हलवायाकडून त्यांनी पाव किलो दुधाची बर्फी आणली. वीणाताई सांगलीच्या, बोलक्या आणि हावऱ्या. त्यांनी उभ्या उभ्या तीन तुकडे खाल्ले, आणि चौथा राजाभाऊंच्या तोंडात घातला. तेव्हापासून दर पगाराला बर्फी, ते सरकारी क्वार्टरमध्ये गेले तरी बर्फी, निवृत्तीनंतर पेन्शनच्या दिवशी बर्फी. मधुमेह निघाल्यावर वीणाताई म्हणायच्या, "अहो, एवढासा. नखाएवढा." आणि राजाभाऊ नखाएवढा द्यायचे. नख कधी करंगळीचं असायचं, कधी अंगठ्याचं. ते दोघंही त्यावर हसायचे. आता आठवलं की राजाभाऊंच्या अंगावर काटा यायचा.

नव्या राज्यात सकाळी मोड आलेली मटकी आली, पोह्यांच्या जागी ज्वारीची उकड आली, भाताच्या जागी हातसडीचा तांदूळ नाहीतर राळा. दहा वर्षांच्या देविकाने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजोबा, राळा म्हणजे क्या?" राजाभाऊंनी सांगितलं, "एक प्रकारचं बारीक धान्य. आमच्याकडे पाखरं खायची." मानसने मान वर करून बघितलं. राजाभाऊंनी पुढचा घास घेतला.

सून तेजश्री मनाने चांगली. गुडगावच्या ऑफिसातून दीड तास प्रवास करून यायची आणि मग यूट्यूबवर बघून नाचणीची भाकरी थापायची. पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे झाले. तिला वाटायचं, सासऱ्यांना भाकरी म्हणजे माहेरचं सुख. "बाबा, तुमच्या गावाकडची आठवण आली की नाही?" तिने हौसेने विचारलं. "आली ना," राजाभाऊ म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पण भाकरीचा तो खरबरीत कड जिभेला लागला की बायको जाऊन महिना झालेला हा माणूस पुन्हा वीस वर्षांचा आणि भुकेला होऊन जायचा. हे त्या पोरीला कसं सांगायचं? त्यांनी नाही सांगितलं. पानात वाढलेलं सगळं ते खात राहिले. त्यांना ती शिक्षा वाटत होती, आणि शिक्षा मिळाली याचं आत कुठेतरी बरंच वाटत होतं.

पण गंमत अशी झाली, हिला गंमत म्हणायची तर, की ते अन्न त्यांना मानवलं.

नोव्हेंबरात मानसने घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं होतं. तेव्हा राजाभाऊंची साखर वाढलेली निघाली होती आणि गोळी सुरू झाली होती; कुणाला नवल वाटलं नाही, त्यांना तर नाहीच. फेब्रुवारीत पुन्हा तपासलं तेव्हा ती झर्रकन खाली आली होती. गुडघ्याची सूज उतरली होती. चार जिने चढून आले तरी दम लागेना. जेवल्यावर जी पेंग यायची ती बंद झाली. भाकरीसुद्धा आता तशी टोचत नव्हती. एक दिवस ज्वारीच्या भाकरीबरोबर लसणाची चटणी आणि कच्चा कांदा खाताना राजाभाऊंच्या लक्षात आलं की आपण आणखी एक मागून घेतली. जिभेला चव कळायला लागली होती. मटकीला स्वतःचा गोडवा असतो, गाजराला असतो, हे त्यांना पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कळत होतं. त्यांना स्वतःचा राग आला.

तो रिपोर्ट घेऊन मानस त्यांना डॉक्टर खुरानांकडे घेऊन गेला. सेक्टरच्या बाजाराजवळच त्यांचं क्लिनिक. वीणाताईंना वर्षानुवर्षं तेच बघत होते. मोठा दिलखुलास माणूस. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि टेबलावर थाप मारली.

"अंकल, कमाल कर दिया. सिर्फ खाने से इतना फर्क? गोली आधी कर देते हैं." मग चिठ्ठीवर लिहिता लिहिता, वर न बघता ते म्हणाले, "काश आंटीजी ने भी दस साल पहले ऐसा खाना शुरू किया होता. अंगूठा तो बच ही जाता. शायद..." आणि त्यांचं त्यांनाच उमगलं असावं, कारण वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

राजाभाऊंनी ते घरी नेऊन पूर्ण केलं. शायद ती आज असती.

तोवर त्यांनी मनाची एक समजूत घालून ठेवली होती. आजार वाईट होता, त्याला इलाज नव्हता, नखाएवढ्या तुकड्याने काय होणार होतं? आता त्या समजुतीला कागदावरचा पुरावा आडवा आला. पुरावा खुद्द त्यांच्याच रक्तातून निघाला होता. मानस तो रिपोर्ट बहिणीला, मित्रांना मोबाईलवर पाठवत होता, "बघा, बाबांनी कसं करून दाखवलं." राजाभाऊ ते ऐकायचे आणि बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. आपण जितके बरे होत जाऊ तितके आपण वीणाच्या मरणाला जबाबदार ठरत जाऊ, हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जाईना. मे महिन्यात पुढची तपासणी होती. ती आणखी चांगली येणार होती.

चाळीस वर्षं सरकारी फायली हाताळलेल्या माणसाचा एका गोष्टीवर भारी विश्वास असतो. फाईल कितीही जाडी असो, निकाल शेवटच्या शेऱ्यावर लागतो. राजाभाऊंना वाटलं, रक्ताचंही तसंच असणार. शेवटचे आठ-दहा दिवस जे खाल्लं तेच कागदावर उतरेल. आकडा वर गेला की मानसच म्हणेल, छे, या खाण्यात काही अर्थ नाही. आणि खाण्यात अर्थ नसेल, तर बर्फीतही नव्हता.

मेच्या पहिल्या आठवड्यापासून ते रोज सकाळी दहाला घराबाहेर पडू लागले. "मेट्रोच्या एसीत जरा फिरून येतो," असं तेजश्री ऑफिसला निघतानाच तिला सांगून ठेवायचे. बाहेर ऊन असं की डांबर मऊ व्हावं. ब्लू लाईन थेट करोल बागेत नेऊन सोडायची. जुनी गल्ली आता गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांनी भरून गेली होती, पण हलवाई होता. जुन्या मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसायचा, आणि दुकानाला काचेचं दार आलं होतं. राजाभाऊ पाव किलो दुधाची बर्फी घ्यायचे आणि कोपऱ्यातल्या उंच टेबलापाशी उभं राहून कागदी प्लेटमधून खायचे.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं होतं, निदान वीणाची आठवण तरी गोड लागेल. घास तोंडात घेतला आणि साखर कचकन दातांत गेली. नुसती साखर. दूध नाही, वेलची नाही. सहा महिन्यांत जीभ बदलली होती. जी चव त्या दोघांची होती, सेहेचाळीस वर्षं दर महिन्याला जिने त्यांच्या घरात सण केला, ती आता त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. दुकानाच्या त्या कोपऱ्यात राजाभाऊंना रडू आलं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, पाणी प्यायलं आणि उरलेले तुकडे औषधासारखे गिळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे दहा दिवस.

अकराव्या दिवशी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाश्ता झाल्यावर तेजश्री देविकाला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली, आणि मानस जेवणाच्या टेबलाशी वडिलांच्या समोर येऊन बसला.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"रिपोर्टात दोन आकडे असतात. एक कालच्या सकाळचा, उपाशीपोटी. तो दोनशे दहा आलाय. इतका तर नोव्हेंबरातही नव्हता."

राजाभाऊंनी मान हलवली. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ते टेबलावरची मिठाची बाटली सरळ करत राहिले. "मग? मी म्हणतच होतो. या वयात खाण्याने काय फरक पडणार? जे व्हायचं ते होतंच."

"आणि दुसरा आकडा तीन महिन्यांच्या सरासरीचा," मानस म्हणाला. "तो इतका चांगला आहे की माझाही नाही. म्हणजे अडीच महिने सगळं परफेक्ट होतं, आणि गेल्या थोड्या दिवसांत काहीतरी झालं. काय खाल्लंत?"

सरासरी असा काही प्रकार असतो, हे राजाभाऊंना ठाऊक नव्हतं. आपली चोरी इतक्या साध्या गणिताने पकडली जावी याचं त्यांना क्षणभर हसूही आलं. मग त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"बर्फी. करोल बागेतली. रोज पाव किलो."

"पाव किलो?" मानसचा आवाज चढला. "का? इतकी इच्छा होत होती तर मला सांगायचं ना, यार. मी काय राक्षस आहे?"

"इच्छा नव्हती रे. घशाखाली उतरत नव्हती." राजाभाऊ थांबले. सात महिने जे दातांखाली दाबून ठेवलं होतं ते आता आपोआप बाहेर आलं. "हा आकडा खाली जातो ना, तेव्हा मला तुझी आई दिसते. तिचाही गेला असता. अंगठा राहिला असता, ती राहिली असती. मी तिला खाऊ घालून मारलं, हे प्रत्येक रिपोर्ट मला सांगतो. म्हटलं, एकदा वर जाऊ दे. तू म्हणशील की या सगळ्यात काही तथ्य नाही. म्हणजे मग मला झोप लागेल."

बाहेर कुणाच्या तरी एसीचं पाणी पत्र्यावर टपटपत होतं.

"मी तुम्हाला कधी काही म्हणालो का?"

"नाही म्हणालास. तेच तर. मी वाट बघतोय."

"म्हणणार होतो," मानस म्हणाला. "स्मशानातून परत येताना गाडीत म्हणणार होतो. वाक्य तयार होतं. तुम्ही एकदा तरी तिला नाही म्हणायला हवं होतं, बाबा. फक्त एकदा."

ऐकलं, आणि राजाभाऊंना हलकं वाटलं. इतके दिवस ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं. त्यांनी मान खाली घातली. "मग का नाही म्हणालास?"

मानसने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले.

"कारण मी म्हणालो होतो तिला. नाही." तो थांबत थांबत बोलू लागला. "शेवटच्या आठवड्यात. तुम्ही घरी अंघोळीला गेला होतात. ती शुद्धीवर होती. म्हणाली, मानस, बर्फीचा एक तुकडा आण रे, एवढासा. डॉक्टरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की आता काही उपयोग नाही, जे मागतील ते द्या. तरी मी नाही म्हणालो. मला तुमचाच राग आला होता. म्हटलं, आई, तुला अजून कळत नाही का? घरी गेल्यावर बघू."

"मग?"

"बरं म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून पडली. परत नाही मागितली." मानसचे खांदे हलायला लागले. "दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लागला. म्हणून मी सगळे डबे फेकले, बाबा. तुमच्यासाठी नाही. नाही म्हणालो ते बरोबर होतं, असं घरात रोज कुणीतरी मला सांगायला पाहिजे होतं."

सात महिने राजाभाऊ बर्फी दिल्याबद्दल स्वतःला जाळत होते, पण आता पहिला विचार मनात आला तो एवढाच, की ती मागत होती आणि तिला मिळालं नाही. आपण तिथे असतो तर दिली असती. धावत जाऊन आणली असती. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली त्यांना दिसली. ओठांवर शब्द आले होते, मला एक फोन करायचा होतास. ते बोलले असते तर मुलगा त्यातून जन्मभर सावरला नसता.

त्यांनी समोर बघितलं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, कानांवरचे केस पांढरे झालेले, लहानपणी शाळेत मार खाऊन आल्यावर रडायचा तसा तोंड वाकडं करून रडत होता. आईला अग्नी देतानाही तो रडला नव्हता.

राजाभाऊ खुर्ची सरकवून उठले आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पाठीवर हात ठेवला.

"बरोबर केलंस तू," ते म्हणाले. "ऐकतोयस ना? साखर म्हणजे तिला विषच होतं. मागितली तरी द्यायची नव्हती. नाही म्हणणंच बरोबर होतं."

बोलताना आवाज कुठे कापू नये याची त्यांनी फार काळजी घेतली. आपण कुणाविरुद्ध निकाल देतो आहोत, हे त्यांना पुरतं कळत होतं. पण त्या दोघांपैकी एकालाच सोडवता येणार होतं, आणि तो त्यांचा मुलगा होता.

"खरंच?" मानसने विचारलं.

"खरंच."

दुपारी तेजश्रीने ज्वारीची भाकरी, पालकाचं गरगट आणि काकडी वाढली. राजाभाऊंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मानसही जेवला, बऱ्याच दिवसांनी पोटभर. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये होती. आकडा उत्तम येणार, याबद्दल राजाभाऊंना आता शंका नव्हती.